कावेरीकाठची बेकारी

तंजावर म्हटले म्हणजे मराठी मनापुढे काही ठराविक चित्रे उभी राहतात. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तेथे स्थापिलेली भोसल्यांची गादी, दुसऱ्या सरफोजीराजांचा सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरविलेला तो लांबच लांब मराठी शिलालेख, आणि फार झाले तर सांबाराची ती प्रसिद्ध दंतकथा. ही स्थळे पाहून परतणारा आपला प्रवासी आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहतो, तो दोन्ही अंगांना नजर पोचेल तोपर्यंत भाताची हिरवी खाचरे आणि मधून मधून वाहणारे पाट. दख्खनच्या कोरड्या माळावर वाढलेल्या माणसाला हे दृश्य पाहून हेवा वाटला तर नवल नाही. जेथे पाणी असे दारापुढून वाहते तेथे कामाला काय तोटा, असे त्याच्या मनात सहज येते.

हा समज कितपत खरा आहे ते आज पाहावयाचे आहे. कावेरीच्या मुखाकडील त्रिभुज प्रदेशात, म्हणजे पूर्वीच्या अखंड तंजावर जिल्ह्यात, बेकारी आहे. नव्हे, पिढ्यान् पिढ्या ती चालत आली आहे. परंतु ती मुंबईच्या गिरणगावातल्या किंवा पुण्याच्या सुशिक्षितांच्या बेकारीसारखी नाही. नोकरी गेली आणि माणूस बेकार झाला, असा तिचा प्रकार नव्हे. ती दिवसांनी मोजावी लागते, डोक्यांनी नव्हे. आणि ते दिवस ठरतात शे-दीडशे मैल वर असलेल्या धरणाच्या दरवाज्यांवर.

प्रथम भूगोल थोडक्यात सांगतो. त्रिचनापल्लीच्या वरच्या अंगाला मुक्कोंबू येथे नदीचे दोन फाटे होतात. उत्तरेकडचा कोळ्ळिडम आणि दक्षिणेकडची मुख्य कावेरी. पुढे काही मैलांवर कल्लणै, म्हणजे अक्षरशः ‘दगडी बांध’, लागतो. करिकाल चोळाच्या नावाने तो ओळखला जातो आणि अजून कामात आहे. तेथून कावेरी, वेण्णार आणि त्यांचे असंख्य फाटे पंख्याच्या काड्यांसारखे पसरत समुद्राकडे जातात. १८३० नंतरच्या दशकात आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने मुक्कोंबूचा बंधारा बांधला आणि १९३४ मध्ये वरच्या अंगाला मेट्टूरचे धरण पुरे झाले. त्यात ९३.४७ अब्ज घनफूट पाणी मावते. जुन्या तंजावर जिल्ह्याचे आता चार जिल्हे झाले आहेत. १९९१ साली नागपट्टिनम, १९९७ साली तिरुवारूर आणि २०२० च्या अखेरीस मयिलाडुतुरै हे वेगळे निघाले. पण पाण्याच्या दृष्टीने तो सगळा एकच मुलूख आहे.

आता कामाचे वर्ष पाहा. मेट्टूरचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख १२ जून. पाणी तीन-चार दिवसांत कल्लणैला येते, तेथून पाटापाटांनी खाली उतरते. मग तरवा टाकावयाचा, चिखलणी करावयाची आणि लावणी. हे पहिले पीक कुरुवै. ते आखूड मुदतीचे, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत हाती येणारे. ते कापून त्याच शेतात लावतात ते ताळडी. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. जेथे दोन पिके घेता येत नाहीत तेथे ऑगस्टच्या सुमारास सांबा नावाचे लांब मुदतीचे एकच पीक धरतात. ते पोंगल सणाच्या आसपास, जानेवारीत, कापणीला येते. (या सांबाचा सांबाराशी काही संबंध नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.) मार्चनंतर जमिनीच्या ओलीवर कोणी उडीद, मूग टाकतात, पण त्याला माणसे थोडीच लागतात. एप्रिल, मे आणि जूनचा पूर्वार्ध म्हणजे रिकामा काळ.

ज्याची स्वतःची जमीन नाही अशा मजुराच्या दृष्टीने या वर्षाचा अर्थ काय? लावणीचे काही आठवडे, बेणणीचे काही दिवस, कापणी-मळणीचे काही आठवडे. दोन पिके आली तर हे सारे दोनदा, एकच आले तर एकदा. मेट्टूर वेळेवर उघडले नाही म्हणजे कुरुवै जाते. कुरुवै गेले म्हणजे ताळडीही गेली; राहिले केवळ सांबा. जमीनवाल्याचे दोन पिकांऐवजी एक पीक येते, म्हणून त्याचे उत्पन्न घटते हे उघडच आहे. परंतु मजुराच्या दोन लावण्यांऐवजी एक लावणी आणि दोन कापण्यांऐवजी एक कापणी उरते, या गोष्टीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

हे कल्पनेतले सांगत नाही. २०१२ पासून २०१९ पर्यंत सलग आठ वर्षे १२ जूनचा मुहूर्त चुकला. २०२० साली तो पुन्हा साधला. त्यापुढच्या वर्षीही साधला. २०२२ मध्ये तर वरच्या भागात पाऊस इतका लवकर झाला की २४ मे रोजीच दरवाजे उघडले. आणि २०२४ साली त्याच दरवाज्यांना २८ जुलै उजाडला. चांगल्या वर्षी कुरुवै चार-पाच लाख एकरांवर उभे राहते. एका एकराच्या हातलावणीला दहा-बारा बाया लागतात असे हिशेबापुरते धरू. म्हणजे एका हुकलेल्या तारखेपायी निव्वळ लावणीचेच चाळीस-पन्नास लाख दिवस गावोगावच्या झोपड्यांतून नाहीसे होतात. बेणणी आणि कापणी यांत धरलेलीच नाही. एखादी मोठी गिरणी बंद पडली तर वर्तमानपत्रांतून मथळे झळकतात. येथे मथळा पाण्याचा येतो, कामाचा येत नाही.

याहून वाईट वर्ष म्हणजे पाणी आणि पाऊस दोन्ही फिरणे. २०१६ साली तसे झाले. धरणाचे पाणी आटलेले, आणि ज्यावर सांबा अवलंबून तो ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडूत सरासरीपेक्षा सुमारे बासष्ट टक्के कमी. १० जानेवारी २०१७ रोजी सरकारने साऱ्या राज्यात दुष्काळ जाहीर केला. त्या पोंगलला कित्येक गावांत कापण्यासारखे काही नव्हतेच.

येथे एक प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. इतकी बेकारी असेल तर ती सरकारी आकड्यांत का दिसू नये? याचे उत्तर मोजणीच्या रीतीत आहे. ही रीत थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण महाराष्ट्रातील आकड्यांनाही तीच लागू पडते.

समजा, तिरुत्तुरैप्पूंडीजवळच्या एखाद्या वस्तीवर पाहणीचा कारकून जातो आणि एका शेतमजूर बाईला विचारतो, “अम्मा, गेल्या वर्षात काम केलेत का?” ती म्हणते, “केले की. लावणी केली, कापणी केली.” किती दिवस, असे विचारले तर ती बोटे मोजून सांगेल, पन्नास-पंचावन्न. एका रीतीप्रमाणे, वर्षातून तीस दिवस काम केले असले तरी माणूस कामकरी ठरतो. तेव्हा ही बाई बेकार नव्हे. दुसऱ्या रीतीप्रमाणे मागच्या आठवड्यात एखादा तासभर काम मिळाले असले तरी चालते. तेव्हा कारकून जुलैत गेला तर ती कामकरी आणि मे महिन्यात गेला तर, ‘काम मिळाले तर करीन’ असे ती म्हणाली तरच बेकार. नाही म्हणाली, किंवा “आता कुठले काम?” असे म्हणून गप्प बसली, तर तिची गणना घरकाम करणाऱ्यांत होते. म्हणजे बेकारांतूनही ती सुटली! तिसरी रीत आठवड्याचे सात दिवस अर्ध्या-अर्ध्या दिवसाने मोजते आणि त्यांपैकी किती रिकामे गेले ते पाहते. या प्रदेशाचे खरे दुखणे काही अंशी पकडील अशी ही एकच.

या निरनिराळ्या रीतींचे श्रेय एका समितीला आहे. प्राध्यापक मो. ल. दांतवाला हे तिचे अध्यक्ष होते आणि १९७० साली तिने अहवाल दिला. भारतासारख्या देशात बेकारीचा एकच एक आकडा काढणे हे फसवे आहे, असे या समितीने स्पष्ट म्हटले, आणि १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून तिच्या सूचना अमलात आल्या. २०१७ पासून चालू असलेल्या नव्या श्रमिक पाहणीत वर्षाची आणि आठवड्याची रीत मुख्य धरली आहे. दिवसांची रीत मागे पडली. माझ्या मते हे ठीक झाले नाही. शहरापुरते ते चालेल. जेथे काम पाण्याबरोबर येते आणि पाण्याबरोबर जाते तेथे ते चालत नाही.

आता मागे वळून पाहू. शंभर वर्षांपूर्वी या गावांत ‘बेकारी’ हा शब्द कोणी उच्चारला असता तर तो कोणाला कळला नसता. मिरासदार, हा शब्द तंजावरातही आपल्याकडच्यासारखाच रुळलेला होता, जमिनीचा धनी. आणि त्याच्या पदरी पण्णैयाळ. पण्णै म्हणजे शेतीवाडी, आळ् म्हणजे माणूस. आपला सालगडी या शब्दाच्या जवळपास जातो, पण पुरता पोचत नाही. कारण पण्णैयाळ केवळ सालाचा नसे, तो कर्जाने आणि जातीने बांधलेला असे. बहुतेक पण्णैयाळ गावाबाहेरच्या अस्पृश्य वस्तीतले. बाप शेतावर, आई लावणीला, पोर गुरांमागे. मोबदला भाताच्या मापांनी. काम असो वा नसो, तो कोणाचा तरी असे. गुलामाला बेकारी नसते, एवढाच त्याचा अर्थ.

१९४० नंतर शेतमजुरांच्या संघटना या भागात उभ्या राहिल्या आणि १९५२ साली राजाजींच्या मंत्रिमंडळाने तंजावरची कुळे व पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याने पण्णैयाळाची मजुरी ठरविली आणि त्याला वाटेल तेव्हा काढून टाकण्यास बंदी केली. कायदा चांगल्या हेतूचा होता, यात शंका नाही. पण पुष्कळ जमीनदारांनी त्यावर एक सोपा तोडगा काढला. पण्णैयाळ ठेवावयाचाच नाही. लागेल तेव्हा रोजावर माणूस बोलवावयाचा. कॅथलीन गॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९५१ ते १९५३ या काळात तंजावरची खेडी अभ्यासिली आणि १९७६ मध्ये त्या पुन्हा तेथे गेल्या. या मधल्या पंचवीस वर्षांत बांधलेले गडी ओसरून रोजंदारीचा मजूर वाढला, हे त्यांच्या लिखाणात स्पष्ट दिसते. आंद्रे बेतेय यांनीही १९६१-६२ साली कावेरीकाठच्याच एका गावात राहून असेच स्थित्यंतर टिपले आहे. मजूर मोकळा झाला. आणि मोकळा झाला त्याच दिवशी बेकार होण्याची त्याची पात्रताही सुरू झाली. मी हे उपहासाने म्हणत नाही. ज्यांनी ही मोकळीक मिळविली त्यांनी तिचे मोल जाणून मिळविली. पण इतिहासाचा क्रम असा आहे.

सारे गाव रोजंदारीवर आले म्हणजे भांडण दोन गोष्टींवरून होते: रोज किती, आणि रोज कोणाला. दुसरा प्रश्न पहिल्याहून तीव्र ठरतो. गावचे मजूर वाढीव माप मागतात म्हणून बाहेरगावचे मजूर आणून कापणी उरकावयाची, ही युक्ती या भागात वारंवार वापरली गेली. नागपट्टिनमजवळच्या कीळवेण्मणी गावी २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जे घडले त्याच्या मुळाशी हीच दोन कारणे होती. मजुरीच्या तंट्यात दलित मजुरांची वस्ती जाळण्यात आली आणि एका झोपडीत आश्रयास गेलेली चव्वेचाळीस माणसे, बहुतेक बायका आणि मुले, जळून मेली. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार आरोपी सुटले. सरकारने चौकशी नेमली आणि १९६९ साली शेतमजुरांच्या वाजवी वेतनाचा कायदा आला. त्यात मापे ठरली. दिवस मात्र ठरले नाहीत. ते कायद्याने ठरविण्यासारखे नव्हतेच.

कामाच्या शोधात बाहेर जाण्याची वाट या लोकांना फार जुनी आहे. नागपट्टिनम हे बंदर. तेथून मलायातील रबराच्या मळ्यांवर मजुरांची जहाजे भरून जात. सिलोन आणि ब्रह्मदेश हीही ठिकाणे होतीच. गावात एखादा ‘कंगाणी’ येई, म्हणजे मळ्यावरचा मुकादम. आगाऊ पैसे देई आणि गाडीभर माणसे घेऊन जाई. ज्या वर्षी पीक बुडे त्या वर्षी त्याला फार बोलावे लागत नसे. १९३८ साली हिंदुस्थान सरकारने अकुशल मजुरांना मदत देऊन मलायात धाडण्यास बंदी केली. तेथील मळेवाल्यांनी मजुरी कापल्यामुळे ते आवश्यकही होते. पण त्रिभुज प्रदेशाच्या बेकारीचा एक दरवाजा त्यामुळे बंद झाला, हेही खरे. आजची वाट तिरुप्पूरच्या बनियनच्या कारखान्यांकडे, चेन्नईच्या बांधकामांकडे आणि आखाती देशांकडे जाते. जाणारे बहुतेक तरुण पुरुष. मागे राहतात त्या बायका आणि म्हातारे. आणि तेच शेतमजूर म्हणून मोजले जातात.

येथे आपल्या माणसांची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८५५ च्या ऑक्टोबरात तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी पुत्रावाचून वारले आणि डलहौसीच्या कारकीर्दीत कंपनीने ते राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंच्या वतीने दावा झाला. तो १८५९ साली विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि हरला. राजवाडा गेला म्हणजे केवळ सिंहासन गेले नाही. मोडी लिहिणारे कारकून, पागा, शागीर्द, गवई, नर्तक, पुस्तकशाळेतले पंडित, मुदपाकखान्यातले आचारी, या साऱ्यांचे अन्न गेले. त्या शहराच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी बेकारी म्हणावी लागेल, आणि ती बव्हंशी मराठी बोलणारी होती.

ती माणसे सावरली कशी? ज्यांना अक्षरओळख होती त्यांनी इंग्रजी धरली. कुंभकोणमला शाळेचे पुढे कॉलेज झाले; मद्रास सरकारच्या कचेऱ्यांतून ‘रायर’ म्हणून ओळखले जाणारे तंजावरी मराठी ब्राह्मण दिसू लागले. कुंभकोणमलाच १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव तर त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. सयाजीरावांच्या अल्पवयात बडोद्याची घडी बसविणारे ते हेच. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. मात्र तिच्या शेजारी दुसरी कथा ठेवून पाहावी. त्याच काळात, त्याच जिल्ह्यातल्या शेतमजुराला नागपट्टिनमच्या धक्क्याशिवाय दुसरी वाट नव्हती. एकाला कचेरी आणि दुसऱ्याला रबराचा मळा; अंतर अक्षराचे होते.

असो. आजच्या काळाकडे येऊ. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या बेकारीत एक नवे कारण शिरले आहे. ते म्हणजे यंत्र. कापणी-मळणी एकदम करणारे यंत्र एका एकराचे काम तास-दीड तासात उरकते. हाताने तेच काम पंधरा-वीस माणसांना दिवसभर पुरे. सुरुवातीला मजूर संघटनांनी विरोध केला. पुढे तो मावळला. कारण ऐन कापणीत माणूस मिळत नाही, अशी शेतकऱ्याची तक्रार होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. कापणीमागोमाग लावणीचेही यंत्र आले. आणि पाणी उशिरा आले तर लावणी न करता बी सरळ पेरण्याचीही रीत वाढली. हे सारे मुख्यतः बायकांचे काम होते. कांडपाच्या गिरण्या आल्या तेव्हा उखळ-मुसळ गेले, तेव्हाही काम गेले ते बायकांचेच.

यातला एक विरोधाभास पाहण्यासारखा आहे. अलीकडे तंजावरच्या खाचरांतून पश्चिम बंगालचे मजूर लावणी करताना आढळतात. टोळीने येतात, एकरावर ठेका घेतात, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबतात आणि पुढच्या गावी जातात. म्हणजे येथील तरुण तिरुप्पूरला आणि बंगालचा तरुण येथे! मग गावात बेकारी आहे की मजुरांची टंचाई? दोन्ही आहेत. टंचाई आठ-पंधरा दिवसांची आहे. बेकारी उरलेल्या वर्षाची. ज्याला पंधरा दिवसांचेच काम देऊ करता येते तो माणूस वर्षभर तुमची वाट पाहत गावात बसून राहील, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ. बीडचा ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतो तेव्हा मागे राहिलेला शेतकरी हीच कुरकुर करतो.

किनाऱ्याकडे आणखी एक प्रकार घडला. १९९० च्या दशकात नागपट्टिनमच्या बाजूला भातशेते खणून कोळंबीची तळी करण्यात आली. तळ्याला एक राखणदार पुरतो. खाचराला वस्ती लागे. शिवाय खारे पाणी शेजारच्या विहिरीत उतरे ते निराळेच. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन् यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या पाहणीचा आधार घेऊन डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने किनारपट्टीवरील अशी तळी बंद करण्याचा निर्णय दिला; पुढे २००५ च्या कायद्याने या धंद्याला पुन्हा वाट मिळाली. विनोबांच्या भूदानात घडलेल्या याच जगन्नाथन् यांनी आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ यांनी कीळवेण्मणीनंतर या भागात ठाण मांडले. जमिनी विकत घेऊन त्या भूमिहीन दलित बायकांच्या नावे करून देण्याचे काम त्यांनी आरंभिले. बेकारीवर हा एक उपाय आहे, आणि मला तरी तो फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या एकराभर जमिनीवर कापणी-यंत्र आणावयाचे की नाही, हे निदान ती बाई ठरविते.

कावेरीच्या वादाविषयी आपण नेहमी ऐकतो. १८९२ आणि १९२४ चे करार, १९९० मध्ये नेमलेला लवाद, २००७ चा त्याचा निवाडा, आणि १६ फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. या निर्णयाने कर्नाटकाने सोडावयाचे पाणी १९२ वरून १७७.२५ अब्ज घनफुटांवर आणले. हे सर्व हिशेब घनफुटांचे आणि एकरांचे आहेत. पीक बुडाले म्हणजे जी भरपाई मिळते तीही एकरामागे. ज्याच्यापाशी एकर नाही त्याचे काय बुडाले हे विचारण्याची सोय त्या हिशेबात नाही. कर्नाटकातल्या मंड्याच्या शेतमजुराचीही हीच स्थिती आहे. त्या बाबतीत दोन्ही राज्यांत काडीचा मतभेद नाही.

ही सोय थोडीफार झाली ती एका मराठी माणसाच्या डोक्यातून निघालेल्या कल्पनेने. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूरला एक प्रयोग केला: मागेल त्याला काम, आणि तेही शेतीच्या रिकाम्या दिवसांत. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना महाराष्ट्रभर कसाला लागली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण बांधकामांतून दारिद्र्याशी झुंजावे, असे दांडेकर आणि रथ यांनीही १९७१ साली मांडले होते. २००५ साली हीच कल्पना देशाचा कायदा झाली आणि पहिल्याच फेरीत, २००६ मध्ये, नागपट्टिनम जिल्हा तीत आला. तंजावर आणि तिरुवारूर दुसऱ्या फेरीत.

तमिळ खेड्यात या योजनेला ‘नूरु नाळ वेलै’, शंभर दिवसांचे काम, असे नाव पडले. तमिळनाडूत या कामांवर पाचांत चारांहून अधिक दिवस बायकांनी भरले. त्रिभुज प्रदेशापुरते पाहिले तर एप्रिल-मेच्या रिकाम्या दिवसांत गाळ भरलेले पाट आणि तळी उपसणे हे मुख्य काम. म्हणजे ज्या पाण्यावाचून काम नाही त्याच पाण्याची वाट मोकळी करावयाची. यात कामचुकारपणा झाला नाही असे नाही. झाडाखाली बसलेल्या बायकांची टवाळी करणारे शेतकरी तेथेही आहेत, जसे आपल्याकडे होते. परंतु रोजाचा एक किमान दर गावात बसला आणि मिरासदाराच्या दारी न जाता चूल पेटू शकली, हे त्या टवाळीमागचे खरे कारण असावे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस शंभरावरून १२५ केले आहेत. त्याचबरोबर पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात, वर्षाकाठी एकंदर साठ दिवसांपर्यंत, ही कामे थांबविण्याची तरतूद आहे. ते दिवस राज्य सरकारने आधी जाहीर करावयाचे. शेतकऱ्याला हंगामात माणूस मिळावा हा त्यामागचा हेतू. दिसावयास तो रास्त आहे. पण त्रिभुज प्रदेशात ऐन हंगाम म्हणजे कोणता हे आधी ठरवावयाचे कसे? एका वर्षी दरवाजे २४ मे रोजी उघडतात, दुसऱ्या वर्षी २८ जुलैला. कल्लणैजवळच्या गावात लावणी सुरू झाली तरी वेदारण्यमकडील शेपटाच्या गावांना, ज्यांना तेथे ‘कडैमडै’ म्हणतात, पाणी पोचावयास आणखी दोन-तीन आठवडे जातात. आणि ज्या हंगामासाठी ही कामे थांबवावयाची त्या हंगामातले काम तर यंत्राने आणि बंगालच्या टोळीने आधीच उचललेले असते. जाहीर झालेले साठ दिवस आणि खाचरात खरोखर मिळणारे दिवस यांचा मेळ बसला नाही तर मधल्या दिवसांत त्या बाईने कोठे जावयाचे, हे प्रत्येक तालुक्याला, किंबहुना प्रत्येक पाटाला, वेगळे ठरवावे लागेल. पाण्याच्या खात्याजवळ पाटवार वेळापत्रक असते. हंगामाचे साठ दिवस ठरविताना निदान ते तरी समोर ठेवले पाहिजे.